शोध कोडे सोडवण्यासाठी की माणसासाठी?



७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेले हवाई दलाचे एएन-१२ विमान १०२ जणांसह बेपत्ता झाले. २००३ साली गिर्यारोहकांना हिमाचलच्या बर्फात त्याचे अवशेष सापडले. २०२४ मध्ये लष्कराने आणखी चार मृतदेह काढले.

५६ वर्षांनी काय मिळाले? गेलेला परत येत नाही. पण बेपत्ता फौजीच्या घरी रडावे की वाट पाहावी, हेच कळत नाही.

अशा गूढांमागे हौशी माणसेही लागतात. कुतूहल हे पाप नव्हे. मात्र ज्याला कोडेच सोडवायचे असते, तो उत्तर मिळाले नाही की तर्क रचून मोकळा होतो. ज्याला माणूस शोधायचा असतो, तो खरे तेवढेच बोलतो आणि सापडलेली हाडेही घरी पोचवतो. मृताला मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे. त्याच्या घरच्यांना खरे सांगणे हेही तसेच.