अपुरी साक्ष

आमच्या मंडळीत शुक्रवारच्या प्रार्थनासभेत साक्ष द्यायची एक ठरलेली चाल आहे. आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका आणि शेवटी सगळ्यांचं ‘आमेन’. कुणाला नोकरी लागते, कुणाचं कर्ज फिटतं, कुणाची गाठ साधी निघते. माझा मुलगा चार महिन्यांचा असताना त्याच्या हृदयाचं पहिलं ऑपरेशन झालं आणि त्यानंतरच्या शुक्रवारी मलाही उभं केलं गेलं. ऑपरेशन नीट झालं, बाळ घरी आलं, एवढं मी बोलले. लगेच ‘आमेन’ झालं. पुढचं माझ्या तोंडातच राहिलं. ही तात्पुरती सोय आहे, मोठं ऑपरेशन अजून व्हायचंय, आणि त्याच्या बाविसाव्या गुणसूत्राचा जो बारीकसा तुकडा जन्मापासूनच नाही, तो कुठलाही सर्जन आणून देणार नाही. हे बोलले असते तर साक्ष मोडली असती.

आजाराचं नाव टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते, म्हणून ऑक्सिजन न मिळालेलं रक्त तसंच अंगभर फिरतं. मूल जोरात रडलं की ओठ जांभळे पडतात, मग नखं. अशा वेळी दोन्ही गुडघे दुमडून छातीशी दाबून धरायचे, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडसर झाला की फुप्फुसांकडे जास्त रक्त वळतं. पहिल्यांदा ते करायची वेळ आली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. सासूबाई पलंगाशेजारी मोठ्याने प्रार्थना करत होत्या आणि मी गुडघे धरून आकडे मोजत होते. साठाच्या पुढे कधीतरी ओठांवर रंग आला. आमच्या दोघींत प्रार्थना कोण करत होतं, हे ठरवायच्या फंदात मी पडले नाही.

मंडळीतली माणसं मायेची आहेत. महिनाभर आमच्या घरी चूल पेटवावी लागली नाही. पण डब्याबरोबर एक वाक्य हमखास यायचं: देव सोसवेल तेवढंच देतो. ते इतकं कानावर पडलं की मी शास्त्र उघडून मूळ जागा शोधली. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात ती सापडते. तिथे विषय आजारपणाचा नाहीच. रानात भटकणारे इस्राएल लोक, त्यांची मूर्तिपूजा, त्यांचा स्वैराचार, असा सगळा संदर्भ आहे, आणि मोह अनावर होऊ दिला जाणार नाही असा दिलासा आहे. घोटाळा केला तो मराठी भाषांतरातल्या ‘परीक्षा’ या शब्दाने. मूळ ग्रीक शब्दालाही मोह आणि कसोटी असे दोन्ही अर्थ आहेत. आपल्या मराठी कानाला मात्र परीक्षा म्हटलं की आधी तपासणारा मास्तर दिसतो. ‘देव परीक्षा बघतोय’ असं आपल्याकडे सगळ्याच धर्मांची माणसं म्हणतात. पण पेपर मला द्यायचा आणि त्यासाठी निळं पडायचं चार महिन्यांच्या जिवाने, असली परीक्षा घेणाऱ्याला मी नमस्कारही करणार नाही.

हे मी घरात बोलून दाखवलं तेव्हा सासऱ्यांनी शांतपणे त्याच अध्यायावर बोट ठेवलं. पौलाने ज्या अपराधांची यादी दिली आहे, त्यात कुरकुर करणंही आहे. (सासरे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्याशी वाद घालताना वचनं पाठ असावी लागतात.) त्या दिवशी मी गप्प बसले. उत्तर सापडायला बरेच महिने लागले, आणि तेही त्याच ग्रंथात सापडलं. स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. बहुतेक विलाप शेवटी वळण घेऊन स्तुतीकडे येतात, अगदी आमच्या शुक्रवारच्या साक्षीसारखे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र येत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच थांबतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना त्याला एखादी आशेची ओळ जोडणं अवघड नव्हतं. त्यांनी ती जोडली नाही. ईयोबाच्या पुस्तकात तर निवाडा आणखी स्पष्ट आहे. ईयोब देवाला जाब विचारत राहतो, त्याचे मित्र देवाची बाजू सावरत राहतात, आणि अखेरीस देवाचा राग मित्रांवर होतो. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

एक प्रश्न मला दोन दारांतून ऐकू आला. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, घराण्यात कुणाचा शाप वगैरे? आणि बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी विचारलं, घरात कबूल न केलेलं पाप आहे का? शब्द निराळे असले तरी चौकशी एकच. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला बघून शिष्यही हेच विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं. येशू दोन्ही नाकारतो. पुढे तो म्हणतो की देवाची कार्यं त्याच्या ठायी दिसावीत म्हणून हे झालं, आणि तिथे मी अजूनही अडखळते. कुणाला काही दिसावं म्हणून एखादं मूल आंधळं जन्मावं?

याच अडखळण्यातून ‘खास मूल, खास आईबाप’ ही कल्पना निघाली असावी. तिचं सगळ्यात प्रामाणिक रूप मला एका अमेरिकन पुस्तकात दिसलं. काउबॉयपटांचा नट रॉय रॉजर्स आणि त्याची अभिनेत्री-गायिका पत्नी डेल इव्हान्स यांना १९५० साली मुलगी झाली, रॉबिन. तिला डाउन सिंड्रोम होता आणि हृदयातही दोष होता. तिला संस्थेत ठेवा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी तिला घरी नेलं. दुसऱ्या वाढदिवसाला दोनच दिवस उरले असताना ती गेली. १९५३ साली डेलने ‘एंजल अनअवेअर’ लिहिलं. स्वर्गात पोचलेली रॉबिन आपल्या पृथ्वीवरच्या दोन वर्षांची हकिगत देवाला सांगते आहे, अशी त्याची रचना. ज्या काळात अशी मुलं नजरेआड ठेवली जात, त्या काळात एका प्रसिद्ध जोडप्याने आपल्या मुलीचं नाव उघडपणे घेतलं आणि पुस्तकाची मिळकत अशाच मुलांसाठी काम करणाऱ्या संघटनेला दिली. या धैर्याबद्दल मला डेलविषयी अपार आदर आहे. तरीही पुस्तक मिटल्यावर मी अस्वस्थ झाले. त्यात मुलगी दूत आहे, आईबापांना सुधारण्यासाठी आलेली. माझ्या मुलाला मला सुधारायचं नाहीये. त्याला दूध हवंय, कॅल्शियमचं औषध थुंकून टाकायचंय आणि पंख्याकडे बघत हसायचंय. शिवाय दूत काम आटोपून परत जातो. जी मुलं तीस-चाळीस वर्षं जगतात, त्यांना फिजिओथेरपी लागते, शाळा लागते, आईनंतर सांभाळणारं कुणीतरी लागतं.

माझ्या मुलाच्या छातीत आज त्या पहिल्या ऑपरेशनात बसवलेली एक बारीक कृत्रिम नळी आहे. हाताकडे जाणारं थोडं रक्त ती फुप्फुसांकडे वळवते. ही युक्ती माणसावर पहिल्यांदा वापरली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, २९ नोव्हेंबर १९४४ रोजी. कल्पना हेलन टॉसिगची, शस्त्रक्रिया आल्फ्रेड ब्लेलॉकची. कुत्र्यांवर प्रयोग करून ती बसवली होती विव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने, आणि त्या दिवशी ब्लेलॉकच्या मागे उभा राहून तो त्याला सूचना देत होता. रुग्ण होती पंधरा महिन्यांची मुलगी. ती सुधारली, काही महिन्यांनी पुन्हा निळी पडू लागली, दुसरं ऑपरेशन झालं आणि ती दोन वर्षांची व्हायच्या आत गेली. तिच्यानंतर वाचलेल्या मुलांच्या रांगेत माझा मुलगा उभा आहे. तिचे उपकार मी मानते, पण ती त्यासाठीच जन्मली होती असं म्हणणार नाही. तिच्या आईच्या तोंडावर कुणी हे म्हणून बघावं.

मग माझ्याकडे विश्वास म्हणून काय उरतं, असं पाळकसाहेबांनी एकदा विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी होती. मी म्हणाले, गेथशेमानेची बाग उरते. तिथे येशू, मुलगा म्हणून, बापाकडे सुटका मागतो आणि ती त्याला मिळत नाही. त्याने मागितलंच नसतं तर त्याच्याशी बोलायला मला जमलं नसतं. आम्ही बाळाला तेल लावून प्रार्थना केली होती, आजही करतो, आणि बरं होण्यासाठीच करतो. फक्त उत्तर आल्यासारखं वागणं आता मला जमत नाही.

मोठ्या ऑपरेशनची तारीख मिळाली त्या आठवड्यात मी स्वतःहून साक्षीला उभी राहिले. सगळं सांगितलं. नळी पुरेनाशी झाली आहे, यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा सत्तरच्या घरात येतो, बाळ वर्ष उलटूनही अजून बसत नाही, आणि रात्री मला देवाचा राग येतो. बोलून झाल्यावर मी तशीच उभी राहिले. ‘आमेन’ कुणी म्हणालं नाही. पंखा तेवढा फिरत होता. मग मागच्या सतरंजीवरून एका आजींचा आवाज आला.

“रक्त लागेल ना गं? कुठला गट त्याचा?”

“बी पॉझिटिव्ह.”

“माझ्या नातवाचा तोच आहे. कितीला पाठवू त्याला?”