मातीचे देणे कोणाच्या माथी?

आषाढीची वारी पेरणीच्या हिशोबाने निघते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. नांदेड-लातूरकडचा वारकरी मृगाची वाट पाहतो, बी मातीत पडले म्हणजे पताका खांद्यावर घेतो, आणि घरदार, गुरेढोरे, नुकते उगवलेले कोंब मागे ठेवून पंढरीची वाट धरतो. ज्या मातीच्या भरवशावर हे सारे सोडायचे, तिचे आपण काही देणे लागतो काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. आणि लागत असू, तर ते फेडायचे कोणी? औत धरणाऱ्याने, सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याने, की ताटावर बसून जेवणाऱ्याने?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते. घेतले त्याने द्यावे, हे लहान पोरही सांगेल. परतफेड न करता भोगणाऱ्याची गणना गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोरांतच केलेली आहे. पण चोरी म्हणायची तर चोरीला गेले काय, ते आधी दाखवावे लागते. तेव्हा तिकडेच आधी वळू.

जमिनीत एक ठेव असते. धसकटे, मुळ्या, पालापाचोळा, शेण, मेलेले किडेमुंगी हे सर्व कुजून जो अंश मागे उरतो, त्याला शेतीशास्त्रात सेंद्रिय पदार्थ म्हणतात. आपली जुनी माणसे जमिनीचा 'कस' म्हणत, त्यात मोठा वाटा ह्याचाच. मातीत तो मोजकाच असतो, पण काम मोठे करतो. तो असला म्हणजे पावसाच्या थेंबांनी ढेकूळ फुटून चिखल होत नाही, पाणी आत मुरते, गांडुळे नांदतात आणि पिकाला नत्र थोडेथोडे मिळत राहते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथल्या माणसाला पाणी मुरण्याचे मोल आम्ही काय सांगावे!

२०१५ पासून सरकारतर्फे मृदा आरोग्य पत्रिका देण्यास सुरुवात झाली. तिच्यात 'सेंद्रिय कर्ब' अशी एक ओळ असते. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर जमीन उणी, पाऊण टक्क्याच्या वर असेल तर चांगली, असा सर्वसाधारण हिशोब आहे. त्या आकड्याला १.७२४ ने गुणले म्हणजे सेंद्रिय पदार्थ किती ते कळते. आपली काळी जमीन रंगावरून कसदार भासते खरी, पण तो काळेपणा केवळ कुजलेल्या अंशाचा नसतो, त्यात चिकणमातीचा आणि खनिजांचा भाग मोठा असतो. म्हणून काळेभोर रानही तपासणीत उणे निघते. रंगावर जाऊ नये.

आता ही ठेव किती मोठी ते पाहा. एका एकराची वरची १५ सेंटिमीटर माती घेतली तर तिचे वजन साधारण आठ ते नऊ लाख किलो भरते. तिच्यात कर्ब केवळ ०.१ टक्क्याने वाढवायचा तरी आठ-नऊ क्विंटल कर्ब मातीत टिकून राहिला पाहिजे. आणि टाकलेल्या काडीकचऱ्याचा बहुतेक भाग तर कुजून हवेत जातो, मातीत दीर्घकाळ राहतो तो थोडाच. त्यामुळे एवढीशी वाढ व्हायला एकरी शंभर क्विंटलाहून अधिक वाळका पाला अनेक वर्षांत मिळून द्यावा लागतो. गमावणे सोपे आणि कमावणे अवघड, अशी ही दौलत आहे.

पूर्वी ती कशी राखली जाई? मूग-उडीद निघाले की त्या रानात रब्बीची ज्वारी येई. मुगाचा बेवड ज्वारीला मानवतो, हे कोणा प्राध्यापकाने येऊन शिकवले नव्हते. कापसात, खरिपाच्या ज्वारीत तुरीची तासे असत. तूर मुळ्या खोल सोडते आणि जाताजाता आपला पाला खाली अंथरून जाते. ज्वारीचा कडबा बैल खात, बैलाचे शेण उकिरड्यात जाई, आणि उकिरडा उन्हाळ्यात पुन्हा वावरात येई. धनगराची मेंढरे रात्री रानात बसवीत आणि त्याबद्दल त्याला धान्य देत. घेणे आणि देणे यांचे ते एक रिंगणच होते. त्या काळी सगळेच सोन्याचे होते असे मात्र आम्ही म्हणत नाही. शेणाच्या गोवऱ्या तेव्हाही चुलीत जातच होत्या.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत ह्या भागात सोयाबीन आले आणि पसरले. आज लातूर जिल्ह्यात खरिपाचा मोठा वाटा त्याच्याकडेच आहे. शंभर-सव्वाशे दिवसांत रान मोकळे होते, माल लातूरच्या बाजारात हातोहात जातो, पोरांच्या फिया भरल्या जातात. हे सगळे खरे आहे, आणि ते मिळवणाऱ्याला नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण सोयाबीनमागे हरभरा आणि हरभऱ्यामागे पुन्हा सोयाबीन, असे वर्षानुवर्षे चालले. ज्वारी हटली तसा कडबा हटला, ट्रॅक्टर आला तसे बैल गेले, आणि बैलाबरोबर शेणही गेले. मांजरेच्या काठी उसाचे पाचट पेटवतात. नांदेडकडे पऱ्हाट्या बांधाला रचून काडी लावतात. पेटवले म्हणजे त्यातला कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे जाते आणि मागे मूठभर राख उरते. त्यावर दर उन्हाळ्यात खोल नांगरट! उलथलेल्या मातीत हवा खेळते आणि पाऊस पडून ओल आली की उरलासुरला अंश अधिकच झपाट्याने कुजून संपतो.

येथे कोणी म्हणेल, "सोयाबीन, हरभरा ही तर द्विदल पिके. त्यांच्या मुळांना गाठी असतात, ती हवेतले नत्र धरतात. मग जमीन उणी कशी होईल?" म्हणणे अर्धे बरोबर आहे. एक क्विंटल सोयाबीनच्या दाण्यात सुमारे सहा किलो नत्र असते आणि ते दाण्याबरोबर बाजारात जाते. पिकाला लागणारे सगळेच नत्र काही हवेतून येत नाही, बराच वाटा मातीतून येतो. शिवाय सोयाबीनच्या मुळ्या आणि पाला लवकर कुजतात. ज्वारीची जाड धसकटे मातीत अधिक दिवस राहतात. म्हणून द्विदल आणि तृणधान्य यांचा पाळीपाळीने संसार असावा, त्यात एकट्याचे भागत नाही. फेरपालटीचे मर्म हेच.

दुसरा म्हणेल, "रासायनिक खत टाकतोच की, मग देणे फिटले!" नत्र, स्फुरद, पालाश यांचे देणे त्याने काही अंशी फिटते, हे आम्ही नाकारीत नाही. पीक जोमदार आले तर मुळ्याही अधिक सुटतात. पण कुजणारा अंश पोत्यातून येत नाही. खत आणि शेणखत दोन्ही जोडीने दिले असता जमीन सर्वांत चांगली राहते, असे वर्षानुवर्षे चाललेले प्रयोग सांगतात. तेव्हा एकाला देव आणि दुसऱ्याला राक्षस ठरवून भांडण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. "जमीन माझी, तिचे मी काहीही करीन, तुम्ही कोण विचारणार?" ह्याला उत्तर इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथल्या एका शेताने दिले आहे. तेथे एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे दरसाल शेणखत घातले आणि मग थांबवले. दीडशे वर्षे उलटून गेली, तरी त्या तुकड्यातला सेंद्रिय अंश, ज्याला शेणखत कधीच मिळाले नाही अशा तुकड्यापेक्षा अजून जास्त भरतो. आपला मुलूख उष्ण, येथे तो इतका टिकणार नाही. पण न्याय तोच. ज्याने खत वाहिले त्याची पणतवंडेही आज हयात नसतील, आणि पीक कोणी दुसराच खातो आहे. जमिनीला दिलेले जसे परक्याला पोहोचते, तसेच जमिनीचे काढून घेतलेलेही परक्याच्याच अंगावर पडते. जो अजून जन्माला आला नाही तो तक्रार करायला कोठे जाणार? म्हणून सातबाऱ्यावर नाव असले, तरी ठेव माझी एकट्याची ठरत नाही.

आता सगळ्यांत कठीण प्रश्न. "घरात उद्याची भाकर नाही, पोरगी दवाखान्यात आहे, त्या माणसाने मातीचा विचार करावा काय?" आमचे उत्तर सरळ आहे. त्याने लेकीचा विचार करावा. त्या वर्षी त्याने शेण विकले, तुराट्या विकल्या, सलग तिसऱ्यांदा तेच पीक घेतले, तर त्याला पापी म्हणणाऱ्याचे तोंड आम्हाला पाहायचे नाही. पण येथे विचार थांबवता येत नाही, कारण त्याला माफी दिल्याने देणे नाहीसे होत नाही. तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपण कीर्तनात ऐकतो. ऋणको सुटले, कारण धनकोने तोटा आपल्या अंगावर घेतला. मातीला असे करता येत नाही. तिच्याजवळ बुडवायला खत नाही आणि सोडून द्यायला सवड नाही. तिचा तोटा पुढच्याच्या पिकात उतरतो. तेव्हा गरिबाने फेडले नाही, तर त्याच्या वाट्याचे दुसऱ्या कोणीतरी फेडले पाहिजे. तो दुसरा कोण, हाच खरा प्रश्न आहे.

पहिला येतो जमीनमालक. निजामी गेल्यावर १९५० साली हैदराबादचा कुळकायदा झाला आणि कसणाऱ्याला आधार मिळाला. पण कुळाचा हक्क लागेल ह्या धास्तीने आज पुष्कळ मालक कागद करीत नाहीत, सालभराच्या तोंडी बोलीवर वावर बटईने देतात. बटईदार म्हणतो, "पुढल्या साली हे वावर माझ्याकडं राहतंय का नाही, ह्याचाच पत्ता नाही, मंग मी त्यात शेणखत कशापायी टाकू?" त्याचे चुकले काय? ज्याला उद्याचा भरवसा नाही त्याच्याकडून उद्याचे देणे मागणे हा अन्याय आहे. मालकाने निदान तीन-चार सालांची बोली करावी, शेणखताचा खर्च वाट्यातून वजा धरावा, आणि धसकटे-पाचट न जाळण्याची अट स्वतःच्या खर्चाने पाळून घ्यावी. निम्मे पीक घेणाऱ्याने निम्मे देणेही घ्यावे, ह्यात अवघड काय आहे?

दुसरा येतो खाणारा. शहरातला वाचक हो, तुमच्या ताटातली डाळ आणि कढईतले तेल ह्यांच्याबरोबर लातूरच्या रानाचा थोडा कस तुमच्या घरी आला आहे. तो परत जात नाही, कचऱ्याच्या ढिगात जातो. ओला कचरा वेगळा करून त्याचे खत होऊ देणे आणि ज्वारीला बरा भाव देण्यास कां-कूं न करणे, एवढे तरी तुमच्याकडे निघते. आठवड्यातून चार दिवस ताटात भाकरी आली, तर मराठवाड्याच्या फेरपालटीला तेवढाच हातभार लागेल.

आणि कसणारा? त्याच्या ऐपतीत बसेल तेवढेच आम्ही सांगतो. एक, काडी लावू नये. दोन, रानाच्या एका तुकड्यात पाळीने ज्वारी घ्यावी, सोयाबीनमध्ये तुरीची तासे ठेवावीत. तीन, पाणी असेल तेथे ताग किंवा धैंचा पेरून दीड महिन्याने, फुलावर येताच गाडावा. चार, जनावरे थोडी उरली असतील तर पुसदच्या नाडेप काकांची, नारायणराव पांढरीपांडे यांची रीत धरावी. जाळीदार विटांच्या त्या हौदात शंभरेक किलो शेणात चौदा-पंधरा क्विंटल काडीकचरा आणि माती घालून तीन-चार महिन्यांत खत होते. नांदेडची शीव ओलांडली की पुसद, रीत काही परकी नाही.

एवढे करूनही पुढच्या साली पत्रिकेतला आकडा हलणार नाही, कदाचित पाच वर्षांतही जेमतेम हलेल. हे आधीच सांगून ठेवलेले बरे, नाहीतर माणूस एका हंगामात निराश होतो. ह्या कामाचे फळ करणाऱ्याच्या पदरात पुरते पडत नाही. ज्याला निष्काम कर्म कीर्तनात ऐकून समजले असेल, त्याला ते वावरात करून पाहण्यास यंदाच्या पेरणीपासून सवड आहे. असो.