माळकऱ्याच्या घरातील बंदूक

वडिलांच्या पश्चात घरातील वस्तूंची वाटणी करताना भांडी, जमीन, दागिने यांचा प्रश्न लवकर सुटतो. ज्या वस्तूला मोल नाही आणि जी टाकवतही नाही, तिचा प्रश्न मात्र मागे राहतो. आमच्या घरी अशी एक वस्तू निघाली. ती म्हणजे पणजोबांची ठासणीची बंदूक. घरात चार पिढ्यांची आषाढी वारी, गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला चूल बंद. आणि माळ्यावर घोंगडीत गुंडाळलेली ही बंदूक. ती दुरुस्त करावी की न करावी, या प्रश्नाने मला जे शिकविले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

बंदुकीची कथा आमच्या घरात लहान मुलालाही पाठ आहे. गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी. भुईमूग भरला की रानडुकरे उतरत आणि एका रात्रीत वावर उकरून टाकीत. पणजोबा माळ्यावर बसून राखण करीत. एका अंधाऱ्या रात्री पिकात खसफस झाली आणि त्यांनी चाप ओढला. जवळ जाऊन कंदील धरतात तो डुक्कर नव्हते. शेजाऱ्याचा दावे तोडून आलेला बैल होता. सकाळी त्यांनी आपला बैल सोडून शेजाऱ्याच्या दावणीला नेऊन बांधला. बंदूक माळ्यावर टाकली, पंढरीला जाऊन माळ घातली आणि पुन्हा त्या बंदुकीला हात लावला नाही. घरात वारी आली ती त्या बैलाच्या पावलांनी आली, असे माझी आजी म्हणत असे.

परवाना वडिलांच्या नावे होता. ते गेल्यावर आम्ही ठाण्यात वर्दी देऊन बंदूक जमा केली आणि वर्षभर खेटे घातल्यावर वारसाने परवाना धाकट्या भावाच्या नावे झाला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ घरांत अशी वस्तू "आपल्याच आजोबांची, कोण विचारतो?" म्हणून तशीच पडून असते. 1959 चा शस्त्र अधिनियम 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्यात जुन्या घडणीच्या शस्त्राला सूट आहे, पण ती केव्हा? ते तसेच किंवा दुरुस्त करूनही झाडता येण्याजोगे नसेल, तरच. दुरुस्त होऊ शकणारी बंदूक कितीही जुनी असली तरी तिला परवाना लागतो आणि दुरुस्ती करणारा कारागीरही परवान्याचाच लागतो. लपवून ठेवलेल्या वस्तूची पूजा करणे हा परमार्थ नव्हे.

बंदूक घरी आली आणि तीन मते झाली.

भाऊ म्हणाला, "दादा, ही नीट करून घेऊ. डुकरं आजही येतात. निदान बार काढून हाकलता तरी येतील. वस्तू वापरायची नाही तर ठेवायची कशाला?"

त्याचा मुलगा म्हणाला, "काका, तिला चकाचक पॉलिश करून बैठकीत लावू. घराण्याची शान आहे."

आणि आत्या, वय ऐंशीच्या वर, भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "अरे, त्या बैलाचं रगत आहे तिच्यावर. नदीत टाका नि मोकळे व्हा."

तिघांच्याही म्हणण्यात काहीतरी खरे होते, म्हणूनच निर्णय अवघड झाला. अशा वेळी वारकऱ्याने संतांच्या चरित्राकडे पाहावे, एवढी एकच रीत मला ठाऊक आहे. तुकोबारायांना वडिलोपार्जित अशा दोन वस्तू आल्या. एक विठ्ठलाचे देऊळ, विश्वंभरबाबांपासून घराण्यात आलेले, पण मोडकळीस आलेले. दुसरी सावकारीची खते. इ.स. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, दिवाळे निघाले, घरात अन्नावाचून माणूस गेले. त्यानंतर महाराजांनी काय केले? देऊळ स्वतः खपून उभे केले आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. कान्होबांचा वाटा त्यांना देऊन टाकला. भावाच्या वाट्यावर आपले वैराग्य लादले नाही, हेही ध्यानात धरण्याजोगे आहे. दोन्ही वस्तू वाडवडिलांच्याच. एक दुरुस्त झाली, एक बुडाली. तेव्हा 'पूर्वजांचे म्हणून जपावे' हाही नियम नव्हे आणि 'विरक्ताने सारे टाकावे' हाही नव्हे. जिच्या सावलीत दहाजण बसतील ती वस्तू उभी करावी. जिच्या धाकाने दुसऱ्याची मान खाली राहते ती सोडावी, असा त्या दोन कृत्यांचा अर्थ मला लागतो.

मग बंदूक कोणत्या बाजूला घालावी? आत्याप्रमाणे ती खतांच्या बाजूची म्हणावी, तर मन सरळ तयार होईना. आपला ग्रंथच मुळी रणांगणावर सांगितलेल्या गीतेवरचा. तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचा एवढा विस्तार केला, पाऊल टाकतानाही जीव दुखवू नये इतके कोवळेपण वर्णिले, पण ते ऐकणाऱ्या अर्जुनाच्या जवळ गांडीव होते. तुकोबांनी पाईकावर अभंग रचले. भक्ताला शिपायाची उपमा देण्यास ते संकोचले नाहीत. आणि हैबतबाबा आरफळकर कोण होते? ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, त्यांचे क्रमांक, तळ, तंबू, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, ही सारी लष्कराची शिस्त. तळावर समाजआरतीला चोपदाराने चोप उंच केला की हजारोंचे टाळ एका क्षणात थांबतात. लष्करात जी आज्ञा माणसे मारण्यासाठी सुटत असे, ती येथे नामासाठी शांतता करते. हैबतबाबांनी आपले शिपाईपण नदीत बुडविले नाही. त्याचा रोख तेवढा बदलला. तेव्हा शस्त्र पाहताच नाक मुरडणे हे काही संतांचे शिक्षण दिसत नाही.

अशा दुविधेत आम्ही दोघे भाऊ शहरातील एका परवानाधारक कारागिराकडे गेलो. म्हातारा माणूस. त्याने माझ्या गळ्यातील माळ पाहिली, बंदूक पाहिली आणि विचारले, "बुवा, भरलेली आहे का?"

मी हसलो. म्हणालो, "अहो, शंभर वर्षांत तिला कोणी हात लावला नाही."

तो म्हणाला, "म्हणूनच इचारलं."

त्याने नळीचे तोंड भिंतीकडे धरले, लांब गज हलकेच तळापर्यंत सोडला, तोंडाशी खडूने खूण केली. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून धरला. गजाचे टोक घोड्याखालच्या जागेपर्यंत पोचायला हवे होते. ते चार बोटे अलीकडेच राहिले.

"दारू आत हाय," तो म्हणाला.

माझ्या अंगावर काटा आला. ज्या बंदुकीभोवती आम्ही लहानपणी लपंडाव खेळलो, दर दसऱ्याला जिच्यापुढे वडील निरांजन ओवाळीत, ती भरलेली होती! काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. साधारण शंभरात पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. ती कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. गंजलेला भाग सुटावा म्हणून कोणी नळी तापविली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको.

पण भय ओसरल्यावर त्याहून मोठा विचार पुढे उभा राहिला. बैलाला गोळी लागल्यावर पणजोबांनी बंदुकीला हात लावला नाही, ही आमच्या घराण्याची पोथी. मग ही दारू कोणी भरली? ठासणीच्या बंदुकीत एका वेळी एकच बार. तो तर बैलावर सुटला होता. म्हणजे त्यानंतर केव्हातरी पणजोबांनी ती खाली काढली, दारू ओतली, चिंधी ठासली, गोळी घातली. आणि झाडली नाही. डुकरासाठी भरली असेल. की बांधावरून भाऊबंदकी चालली होती, त्या रागात एखाद्या रात्री भरली असेल? घरी परतताना भाऊ गाडीत बोलला नाही. शेवटी म्हणाला, "दादा, म्हणजे गोष्ट खोटी होती का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे कित्येक दिवस गेले. आता वाटते, गोष्ट खोटी नव्हती, तिला फार पॉलिश झाले होते. एका रात्रीत माणूस पालटला, असे सांगायला बरे वाटते. परंतु वैराग्य असे एका रात्रीत येत असते तर माळ घातल्यावर पुन्हा वारी कशाला करावी लागली असती? दरवर्षी जावे लागते ते याचसाठी की मन दरवर्षी भरून ठेवलेले असते. पणजोबा पुन्हा भरण्यापर्यंत गेले, आणि झाडण्यापाशी थांबले. तुळशीची माळ गळ्यात आणि भरलेली बंदूक हातात, अशी ती रात्र त्यांनी कशी काढली असेल? आजवर मी त्यांना पश्चात्तापाने सुटलेला पुण्यवान म्हणून नमस्कार करीत होतो. आता झगडणारा माणूस म्हणून करतो, आणि हा नमस्कार अधिक खरा आहे. तुकोबारायांनी स्वतःची दैना, स्वतःचे दोष अभंगांत झाकून ठेवले नाहीत. आपण मात्र आपल्या आजोबांना संतांहूनही स्वच्छ करून ठेवतो!

येथे जीर्णोद्धाराचा धर्म काय, ते मला उमगले. कारागीर सांगत होता: लाल गंज नळी खातो, तो काढलाच पाहिजे, पण काळसर तपकिरी थर बसला आहे तो लोखंडाचे पांघरूण आहे, त्याला काचकागद लावू नये. चाकावर घासून चमकविली की घडविणाऱ्याची खूण, आकडे, वेलबुट्टी सारे पुसून जाते. लाकडाला जवसाचे तेल बेताने चोळावे, झिजलेली जागा तशीच असू द्यावी. ती धरणाऱ्याच्या हाताची झीज आहे. हे ऐकताना मला नाथमहाराज आठवले. माउलींच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली तेव्हा नाथांनी आळंदीस जाऊन तेवढी मुळी दूर केली. आणि शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तीही याच रीतीने. बाहेरून शिरलेले पाठ काढले, आणि पुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये अशी ताकीदही दिली. स्वतः एवढे समर्थ कवी असून मूळ ग्रंथ सजविला नाही. गळ्याला लागलेले काढावे, आपले घालू नये, हा नाथांचा नियम बंदुकीलाही लागू पडतो आणि पूर्वजांच्या आठवणीलाही.

कारागिराने नळीत पाणी सोडून दोन दिवस ठेवले. मग स्क्रूच्या टोकाच्या गजाने चिंधीचा बोळा ओढून काढला. त्यामागून शिशाची गोळी आली आणि शेवटी काळा चिखल. सोरा पाण्यात विरघळला की दारू मेली. ते पाणी त्याने दुकानाबाहेरच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतले आणि म्हणाला, "सोरा म्हंजे झाडाला खतच की, बुवा."

बंदूक आता स्वच्छ आहे. गंज गेला, लाकूड सावरले. चापाची मोडकी कमान मात्र बदलली नाही; ती झाडली जाणार नाही. परवाना आहे तसाच चालू राहील. पुतण्याची हौस म्हणून बैठकीत लावली नाही, कारण शोभेसाठी लावलेले शस्त्र पाहुण्याला आपला दरारा सांगते, आणि त्याची आपल्याला गरज नाही. आत्यासाठी नदीतही टाकली नाही. खते बुडविल्याने कुळे मोकळी झाली, बंदूक बुडवून बैल उठणार नाही, पणजोबांची ती न सांगितलेली रात्र तेवढी बुडेल. आणि भावाचा प्रश्न? तो खरा आहे, त्याला उपदेशाने टोलविता येत नाही. भुईमूग आजही उकरला जातो. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवानगीवाचून रानडुकरावर बंदूक चालविता येत नाही. कुंपण, राखण आणि नुकसानीचा पंचनामा हाच मार्ग उरतो. तो कष्टाचा आहे. यंदा आम्ही दोघे पाळीपाळीने माळ्यावर बसलो, पत्र्याचा डबा बडवीत. दोन सरी गेल्या, बाकीचे पीक घरी आले. एका रात्री भाऊ म्हणाला, "दादा, अंधारात खसफस झाली की हात आपसूक शिवशिवतो बघ." मी म्हणालो, "पणजोबांचाही शिवशिवला असेल."

शिशाची ती गोळी आम्ही एका डबीत घालून बंदुकीजवळ ठेवली आहे. मुलांना आता बैलाची गोष्ट सांगतो आणि गोळीचीही सांगतो. सज्जनहो, आपल्या घरी बंदूक नसेल. पण वाडवडिलांचा एखादा राग, एखादे वैर, एखाद्या भाऊबंदाशी न बोलण्याची रीत माळ्यावर गुंडाळून ठेवलेली असेल. तिच्यावर धूळ आहे म्हणून ती रिकामी आहे असे समजू नका. ओवाळण्यापूर्वी एकदा गज घालून पाहा. आत काही निघाले तर पाणी सोडा, धीर धरा, बेताने ओढा. आणि निघाले त्याची लाज धरू नका. भरूनही जो झाडत नाही, त्याच्या हाताला पांडुरंगाने धरलेले असते.

रामकृष्णहरि.