वगळलेलीं पानें



एके काळीं आमच्या खेड्यापाड्यांतून पुष्कळ घरीं अक्षर ओळखणारें कोणी नसे. मुलगा मुंबईस गिरणींत असे, त्याचें पत्र आलें म्हणजे म्हातारी आई तें पदराखालीं धरून शिकलेल्या मनुष्याकडे जाई व म्हणे, "बाबा, माझ्या लेकानें काय लिहिलें तें वाचून दाखव." आतां समजा, त्या वाचणाऱ्यानें खुशालीचा मजकूर वाचला, पण "आई, मी तुला न्यावयास येत आहें," ही ओळ गाळली, तर त्यास आपण काय म्हणूं? त्यानें खोटें असें एकहि अक्षर उच्चारलें नाहीं. तरी त्यानें त्या माउलीस लुबाडलें. आज आम्ही अशाच एका वाचनाविषयीं आपणांशीं बोलूं इच्छितों.

इ. स. १८०७ सालीं लंडन शहरीं एक पुस्तक छापण्यांत आलें. इंग्रजांच्या ताब्यांतील वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांना शिकविण्यासाठीं पवित्र शास्त्रांतून निवडून काढलेले भाग त्यांत होते. जुन्या कराराचा सुमारें नऊ दशांश आणि नव्या कराराचा सुमारें निम्मा भाग त्यांत नव्हता. कोणते भाग गाळले हें सांगण्यापूर्वीं, तें पुस्तक ज्यांच्यासाठीं होतें ते लोक कोण, हें समजून घेतलें पाहिजे.

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापलीकडे, सुमारें साडेतीनशें वर्षें, युरोपांतील व अमेरिकेंतील व्यापाऱ्यांचीं जहाजें आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागत. बंदुका, मद्य, लोखंड, आणि आपल्या हिंदुस्थानांत विणलेलें सुती कापडहि देऊन ते माणसें विकत घेत. सुमारें १ कोटि २५ लक्ष स्त्रीपुरुष व मुलें अशा रीतीनें जहाजांवर चढविलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें १८ लक्ष वाटेंतच मरण पावलीं, व समुद्र हेंच त्यांचें थडगें झालें. जीं वांचलीं त्यांतलीं पुष्कळ उंसाच्या मळ्यांवर विकलीं गेलीं. आपण गुऱ्हाळ पाहिलें आहे. तेथें हंगामांत चरक रात्रंदिवस चाले. थकव्यानें डोळा लागून कोणाचा हात चरकांत सांपडला, तर तो तत्काळ तोडतां यावा म्हणून जवळ कुऱ्हाड ठेवीत. त्या हातांनीं पिकविलेली साखर युरोपांतील लोक चहांत घालून पीत, आणि रविवारीं उपासनेस जात.

आतां तें पुस्तक उघडूं. योसेफास त्याच्या भावांनीं विकलें ही कथा त्यांत ठेविली होती. कारण विकला गेलेला योसेफ धन्याच्या घरीं इमानानें राबला. परंतु निर्गमाच्या पुस्तकाचे पहिले अठरा अध्याय त्यांत नव्हते. मिसर देशांतील आक्रोश देवाच्या कानीं पडला, त्यानें मोशेला पाठविलें, व तांबडा समुद्र दुभंगून गुलाम लोक पार गेले, हें सारें गाळलें होतें. दहा आज्ञा ठेविल्या. पण त्यांच्या लगतच्याच अध्यायांत, जो मनुष्याला चोरून नेऊन विकतो तो मरणदंडास पात्र आहे, असा जो नियम आहे (निर्गम २१:१६), तो वगळला. इफिसकरांस पत्रांतील दासांनीं आज्ञा पाळण्याविषयींचा बोध राखला. गलतीकरांस पत्रांतील, ख्रिस्तामध्यें दास व स्वतंत्र हा भेद उरत नाहीं, असें शिकविणारें वचन (३:२८) काढून टाकिलें. बंधुजनहो, त्या पुस्तकांत छापलेलें प्रत्येक वचन देवाचेंच होतें. तरी तें पुस्तक असत्य होतें; कारण बापानें ज्या ओळींत "मी तुम्हांस सोडवावयास येत आहें" असें लिहिलें, त्याच ओळी लेकरांस वाचून दाखविल्या नव्हत्या.

कोणी म्हणेल, हें अधर्मी लोकांचें कृत्य. तसें नव्हे. सुवार्ता पसरविण्यासाठीं स्थापिलेल्या एस. पी. जी. ह्या संस्थेस १७१० सालीं मरण पावलेल्या ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन नांवाच्या मळेवाल्याच्या मृत्युपत्रानें बार्बेडोस बेटांतील दोन मळे गुलामांसह मिळाले. संस्थेनें तेथें धर्मशिक्षक धाडले. परंतु गुलाम सोडिले नाहींत. कांहीं वर्षें तर त्यांच्या छातीवर तापलेल्या लोखंडानें "सोसायटी" हीं अक्षरें डागलीं जात. ज्या संस्थेच्या सेवकांनीं पुढें अहमदनगर जिल्ह्यांत गांवोगांवीं सुवार्ता सांगितली, ती हीच. त्या सेवकांचे उपकार आम्ही विसरत नाहीं. परंतु उपकार स्मरणें म्हणजे पाप झांकणें नव्हे. २००६ सालीं इंग्लंडच्या मंडळीच्या महासभेनें गुलामगिरींतील आपल्या वांट्याबद्दल उघडपणें क्षमा मागितली. पश्चात्ताप उशिरां झाला तरी तो पश्चात्तापच होय.

आणि देवाचें वचन कात्रीनें बांधून ठेवितां आलें काय? जमेका बेटांत सॅम्युएल शार्प नांवाचा एक गुलाम बाप्तिस्त मंडळींत सेवक होता. तो वाचावयास शिकला होता व शास्त्र स्वतः वाची. दोन धन्यांच्या चाकरीविषयीं प्रभूनें जें सांगितलें (मत्तय ६:२४) त्यावरून तो आपल्या बांधवांस शिकवी, कीं मनुष्य ही मनुष्याची मालमत्ता नव्हे. १८३१ च्या नाताळानंतर मजुरी मिळाल्यावांचून कामास हात लावूं नये, असा त्यानें बेत केला. २७ डिसेंबर रोजीं मळ्यांस आगी लागल्या व बंड पसरलें. आगी लावणें योग्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण पुढें तीनशेंहून अधिक गुलामांस देहान्त शिक्षा झाली, आणि २३ मे १८३२ रोजीं शार्प यासहि फांशीं दिलें. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८३३ सालीं, इंग्रज पार्लमेंटानें गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. तो १ ऑगस्ट १८३४ पासून अमलांत आला. तरी पुष्कळांस १८३८ पर्यंत उमेदवारीच्या नांवाखालीं जुन्याच धन्याकडे राबावें लागलें. भरपाई म्हणून २ कोटि पौंड मंजूर झाले, ते मालकांस. गुलामांस एक पैहि मिळाली नाहीं. त्या सुवार्तासंस्थेनेंहि ४११ माणसांबद्दल ८,८२३ पौंड घेतले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गुलामगिरी १८६५ सालीं बंद झाली. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें "गुलामगिरी" हें पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांस अर्पण केलें. समुद्रापलीकडची ती बेडी पाहून आपल्या पायांतली बेडी ओळखावी, हें त्यांस कळलें होतें. आम्हांसहि तें कळावें.

हें लिहितांना आम्हांस आमचाच अपराध आठवतो. कांहीं वर्षांपूर्वीं ऊंसतोडीस निघालेल्या एका टोळीसाठीं प्रार्थना करावयास आम्हांस बोलाविलें होतें. मुकादम पुढें बसला होता. त्याच्याकडून घेतलेली उचल प्रत्येकाच्या डोक्यावर होती. आम्हीं इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय काढिला, दासांचा बोध वाचला, आणि धन्यांस सांगितलेलें नववें वचन न वाचतां पुस्तक मिटलें. उपासना संपल्यावर एक वृद्ध बाई जवळ येऊन म्हणाली, "पाळकसाहेब, मालकांसाठीं त्यांत कांहींच लिहिलें नाहीं का?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. १८०७ सालची कात्री त्या दिवशीं आमच्या हातांत होती.

म्हणून उपदेशकबंधूंनो, आपल्या मंडळींत अक्षरओळख नसलेलीं माणसें आहेत तोंवर त्यांचें शास्त्र म्हणजे आपली जीभ होय. आपण जें गाळितों तें त्यांच्यापुरतें देवानें लिहिलेंच नाहीं. जमीनदार समोर बसला म्हणून अडवून ठेविलेल्या मजुरीविषयींचा याकोबाचा पांचवा अध्याय सोडूं नका. सोयरीक जुळवितांना पूर्वीची जात विचारणारे आपल्यांत आहेत. त्यांच्या भयानें गलतीकरांस पत्राचें तें वचन सोडूं नका. आणि घरधनी हो, बायकोनें आधीन असावें हें वचन तोंडपाठ, व नवऱ्यानें तिच्यासाठीं स्वतःस द्यावें हें विसरलेलें, असें आपल्या घरीं नसो. जें पान वाचावयास आपली जीभ अडखळते, तेंच आधीं वाचा.

सोडविणाऱ्या देवाचें पत्र आपल्या हातीं आहे. तें अखंड वाचण्याचें धैर्य तो आपणां सर्वांस देवो. आमेन.