दैवाआधीची चार कारणं

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमलेलं किल्लारी गाढ झोपेत होतं. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. विसर्जनाच्याच रात्री हे घडावं, याचा अर्थ कसा लावायचा? पापाचा घडा भरला, असं कुणी म्हणतं. कुणी म्हणतं, नशिबात होतं ते झालं.

हा वाद जुना आहे. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं महात्मा गांधींनी जाहीरपणे म्हटलं. रवींद्रनाथ टागोरांना ते सहन झालं नाही. निसर्गातल्या घटनांची कारणं निसर्गातच शोधायची असतात, असा त्यांचा आक्षेप होता, आणि गांधींनी तो आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला. कार्यकारणाच्या बाबतीत टागोर निःसंशय बरोबर होते. पण संकट आलं की आपलं वागणं तपासावं, ही गांधींची हाक टाकून देण्यासारखी नाही. तपासायचं काय, एवढंच बदलायला हवं.

किल्लारीत तपासायची होती भिंत. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. गळू नये म्हणून माळवदावर वेळोवेळी नवी माती पडे आणि ओझं वाढत जाई. भिंतीला आत-बाहेर दोन थर, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसताच थर सुटले. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. माणसं दगडांखाली गेली.

त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे, 1992 सालीच या भागाला धक्के बसले होते. लोक घाबरले, पण घर कसं सावरायचं हे गावात येऊन सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हे अज्ञान दैवाच्या खात्यावर कसं टाकायचं?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणं दिली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, आणि निरनिराळ्या चेष्टा. दैव येतं ते पाचवं. किल्लारीला हे लावून पाहिलं तर जमीन हलणं दैवाच्या वाट्याला जाईल. घर, ते बांधणारा गवंडी, त्याची हत्यारं, त्याचं कसब ही आधीची चारही माणसाच्या हातातली. दैव मानणाऱ्यालासुद्धा या चारांमधून सुटका नाही.

जागतिक बँकेच्या कर्जातून 1994 मध्ये पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, त्यात हजारावर गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. अनुदान देता येत होतं, विश्वास कुठून आणायचा? आहे त्या भिंतीला भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरलं की भिंत बळकट होते, हे कुणालाही ऐकून पटणं अवघड होतं. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीनं महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. त्यांनी घरोघरी जाऊन समजावलं, बांधकामावर लक्ष ठेवलं, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. सरकार, संस्था आणि गाव यांची भागीदारी कागदावरून ओसरीवर आली ती त्यांच्यामुळे. 2001 मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बाया तिकडच्या बायांना आपलं शिकलेलं सांगायला गेल्या. ज्यांना दुर्दैवी म्हणून हळहळ मिळाली होती, त्या आता शिकवत होत्या.

श्रद्धेनं दुःखात आधार द्यावा, ते तिचं कामच आहे. पण तिचं काम तिथंच संपायला नको. मराठवाड्यात गावोगाव हरिनाम सप्ताह होतात, गणेश मंडळं आहेत, अख्खं गाव तिथं एकत्र येतं. आपत्तीचं शिक्षण द्यायला याहून चांगली जागा सरकारला सापडणार नाही. सप्ताहातली एक दुपार गावच्या गवंड्याला आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शिक्षकाला द्या. आरपार दगड कुठं बसवायचा, माळवदावरची माती किती कमी करायची, हे त्यांना मंडपातच दाखवू द्या. यंदाचा सप्ताह ठरवायला बसाल, तेव्हा ही दुपार पत्रिकेत छापून घ्या.