दुर्मिळाची प्राप्ती

एखादी वस्तू दुर्मिळ असते ती मुळातच थोडी असते म्हणून, की कोणी ती हेतुपुरस्सर थोडी ठेवली म्हणून? आणि ती दुसऱ्या जातीची असेल, तर आडवाटेने मिळवण्यात दोष तो कोणता? हा प्रश्न आम्हांला एका पोरखेळाने घातला.

आमची बदली म्हैसुरास झाली तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. वारंवार गाव बदलणाऱ्या घरांतील मुले मित्र जोडायला शिकतात आणि सोडायलाही. याला दोन्ही जमत नसे. अमेरिकेतील मामाने आपल्या मुलाचे जुने ‘गेम बॉय’ यंत्र आणि ‘पोकेमॉन’चा खेळ त्याला पाठवून दिला. खेळाचे कर्ते सातोशी ताजिरी लहानपणी किडे जमवीत. त्या छंदातून निघालेला हा खेळ १९९६ मध्ये जपानात आला. रानोमाळ हिंडून काल्पनिक प्राणी धरावयाचे आणि यादी पुरी करावयाची. गोम अशी की, ती एकट्याने पुरी होतच नाही. खेळाच्या दोन आवृत्त्या. एकीतले काही प्राणी दुसरीत नाहीत. हाँटरसारखे चार प्राणी तर तारेने जोडलेल्या दुसऱ्याच्या यंत्रात गेल्यावाचून पुढचे रूप घेत नाहीत. दिलेला प्राणी देणाऱ्याकडे उरत नाही; परत हवा असेल तर घेणाऱ्याच्या शब्दावर विसंबणे आले. म्यू ह्याहून दुर्लभ. चाचणीची साधने काढल्यावर उरलेल्या थोडक्या जागेत शिगेकी मोरिमोतो यांनी तो शेवटच्या घटकेस घातला. सरळ खेळणाऱ्यास तो भेटत नसे. जपानातील एका मासिकाने सोडत काढून तो प्रथम अवघ्या २० जणांस दिला.

म्हैसुरात बसून ती सोडत कोठली लागायला! आम्हांला दया आली. खेळाच्या स्मृतीत ढवळाढवळ करणारे एक उपकरण मामाकडूनच मागवले, आकडे घातले आणि म्यू हजर केला. कोणाचे काही गेले नाही, कारण उणीवच मुळी ठरवून केलेली. हा युक्तिवाद आम्हांला आजही बिनतोड वाटतो. मुलाने दोन दिवस म्यूला पाहिले आणि यंत्र कपाटात ठेवले.

पुढे २००३ मध्ये त्याला येथल्या प्राणिसंग्रहालयात नेले. प्राणिसंग्रहालयेही दुर्मिळ प्राणी बहुधा देवघेवीनेच मिळवतात. तेथला पोलो हा गोरिला १९९५ साली डब्लिनहून आलेला. त्याला पाहायला ही गर्दी! मुलाने विचारले, “ह्याला मित्र कोण?” आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पोलो २०१४ मध्ये एकटाच मेला; थाबो आणि डेम्बा हे दोघे भाऊ जर्मनीहून आले ते २०२१ मध्ये.

त्याच आठवड्यात मुलाने यंत्र पुन्हा बाहेर काढले. खालच्या मजल्यावरील कन्नड मुलाकडे निळी आवृत्ती निघाली, आणि तारही. आमच्या चिरंजीवांनी आपला एकुलता एक हाँटर तारेवर चढवला आणि श्वास रोखून विचारले, “परत देशील ना?” तो म्हणाला, “कोडतीनि,” म्हणजे देईन. पलीकडे हाँटरचा गेंगार झाला, आणि मिनिटाभराने तो खरोखरच परत आला. इतका आनंद म्यूने दिला नव्हता, हे आम्ही दारातून पाहिले. थोडे वैषम्यही वाटले.

वर्षभरात पुन्हा बदलीचा हुकूम आला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाने गेंगार खालच्या मजल्यावर पाठवला आणि परत घेतला नाही. त्यापेक्षा म्यू दे, तो अधिक दुर्मिळ आहे, असे आम्ही सुचवले.

“तो तुम्ही आणलात, बाबा,” तो म्हणाला आणि तार गुंडाळू लागला.