कार्ल्याचा चैत्र

लोणावळ्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. भुशीच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागलं की घाटात मोटारींच्या रांगा लागतात, कणसं भाजली जातात, आणि पावसाळाभर पैसा खेळतो. चैत्रात मावळचे डोंगर पिवळे पडलेले असतात, ओढे आटतात, कुसुंबाची लालभडक पालवी तेवढी उन्हात उठून दिसते. सहलींच्या जाहिरातींत या दिवसांना जागा नाही. पण नेमक्या याच दिवसांत, पाडवा होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच, वेहेरगावच्या डोंगराखाली पाय ठेवायला जागा उरत नाही. रायगड, ठाणे, मुंबई, वसईकडचे कोळीवाडे आणि आगरी गावं बोरघाट चढून एकवीरा देवीला येतात. षष्ठीला देवघर गावात काळभैरवनाथाचा उत्सव. तो देवीचा भाऊ, म्हणून देवघर तिचं माहेर. सप्तमीला पालखी, अष्टमीला पहाटे तेलवण. कार्यक्रमपत्रिका छापली नाही तरी कुणाचं अडत नाही. कोणता मान कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे.

आणि देऊळ आहे कुठे, तर कार्ल्याच्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहाच्या तोंडाशी. सुमारे ४५ मीटर लांब, ३७ खांबांचं, भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षं तगून राहिल्यात, त्या पाहताना अजूनही विश्वास बसत नाही.

जुनं जतन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं एक उत्तर स्टॉकहोममध्ये १८९१ साली मिळालं. कारखान्यांच्या लोंढ्यात स्वीडनचं खेडं नाहीसं होईल या धास्तीने आर्टूर हाझेलियुसने ठिकठिकाणची शेतघरं उचलून एका टेकडीवर आणून मांडली आणि स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय उभं केलं. पण रिकामी घरं बोलत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने जुन्या पेहरावातली माणसं, वाद्यं, नाच आणि सणही आणले. आजही ३० एप्रिलला तिथे होळी पेटवून, गाणी म्हणून वसंताचं स्वागत होतं. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिमेंटच्या पुतळ्यांतून गावगाडा उभा केला आहे. सुतार, कुंभार, लोहार आपापल्या कामावर, अगदी हुबेहूब. मुलांना दाखवावं असं आहे ते, यात शंका नाही. तरी तिथून बाहेर पडताना मन थोडं खट्टू होतं. खेडं आधी जातं, संग्रहालय मागून येतं, असा तो क्रम आहे.

कार्ल्याला क्रम उलटा आहे. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक लागला तेव्हा यात्रा भरतच होती.

लेणं कुणी कोरवलं, हे भिंतींनी आणि खांबांनी नावानिशी सांगून ठेवलं आहे. वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा, भूतपाल शेठजी हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आपण पुरं केलं असं लिहून जातो. व्यापाऱ्याला एवढा अभिमान क्षम्य आहे. दारासमोरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. खांब देणाऱ्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. दरवाजा घडवणारा सामी, वेणुवासाचा मुलगा, पेशाने सुतार. दगडाच्या कामावर सुताराचं नाव वाचलं की त्या लाकडी कमानींचा उलगडा होतो. आणि एक खांब सोपाऱ्याच्या सातिमिताचा, धम्मग्रंथांचं पठण करणाऱ्या भाणकाचा. आजच्या नालासोपाऱ्याहून माणूस घाट चढून वर आला आणि त्याने इथे एक खांब दिला.

चैत्रात त्याच वसई-सोपाऱ्याकडच्या बसगाड्या इथे लागतात, हे मला केवळ योगायोग वाटत नाही. बंदरातून देशावर येणारी वाट बोरघाटातून चढते आणि वर आल्यावर पहिला विसावा या खोऱ्यात मिळतो. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज मुंबईला जात, ते याच डोंगराखालून. लेणी, जुन्या व्यापारी वाटा आणि मातृदेवतांची ठाणी एकमेकांना लागून का सापडतात, हा प्रश्न त्यांनी पायपीट करून सोडवायला घेतला. ग्रंथालयातल्या ग्रंथांइतकाच यात्रेतला नवस त्यांना पुरावा वाटत होता. आपल्या विद्वानांत हे विरळाच.

ऋतू मात्र बदलला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना करजिक गाव दिलं, ते वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामातल्या, योगक्षेमासाठी. पुढे सातवाहनांनीही मामाळच्या अमात्याला आज्ञा धाडून त्या दानाची तजवीज केली. मामाळ म्हणजे आपलं मावळच. तेव्हा या डोंगराचा हंगाम पावसाळ्याचा होता, लोणावळ्याचा अजून आहे. एकवीरेने तो चैत्रात आणला.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. दुसरा सिंहस्तंभ पूर्वी आजच्या देवळाच्या जागी असावा असं अभ्यासक मानतात, आणि काहींच्या बोलण्यात त्याची खंत उघड असते. १९५८ च्या कायद्याने आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरांत बांधकामाला मनाई आहे. गर्दी वाढते, देवळाला मात्र पसरायला वाव नाही. गुलाल, तेल, धूर आणि हजारो हातांचा स्पर्श कोणत्याच दगडाला मानवत नाही. खात्याचा धाक हवाच. मला खुपतं ते वेगळंच. भाविक दर्शनाच्या बारीत तासन्‌तास उभा राहतो आणि पाच पावलांवरच्या चैत्यगृहात डोकावतही नाही. लेणी पाहायला आलेला पर्यटक देऊळ चौकटीबाहेर ठेवून फोटो काढतो, बँजोच्या आवाजाला नाक मुरडतो आणि परतताना लोणावळ्यात मेणाच्या पुतळ्यांसमोर हौसेने उभा राहतो. २०२० च्या टाळेबंदीत यात्रा भरली नाही. लेण्याला तर काहीच कळलं नसेल. पायथ्याच्या ओटी-नारळवाल्यांना मात्र तो चैत्र चांगलाच कळला.

या ठिकाणी वसंतोत्सव वगैरे नव्याने आखायची गरज नाही. तज्ज्ञांची व्याख्यानं, छायाचित्रांचं प्रदर्शन, १८ एप्रिलच्या वारसा दिनाची फेरी, हे सगळं व्हावं, होतंही; त्याला येतात ते आधीच येणारे लोक. मला एकच कार्यक्रम सुचतो, आणि त्याला खर्च नाही. सप्तमीच्या दिवशी पायथ्याच्या ध्वनिक्षेपकावरून चुकलेल्या मुलांची नावं पुकारतात, बसचे नंबर सांगतात. त्यांच्या मधेमधे दात्यांची नावं सोप्या मराठीत वाचावीत. धेनुकाकटचा सामी सुतार, त्याने दरवाजा केला. सोपाऱ्याचा सातिमित, त्याने खांब दिला. वसईच्या बसमधून उतरलेली एखादी आजी नातवाला विचारील, "आमचेकरचा हाय का त्यो?" नातवाने बेलाशक हो म्हणावं.